मागची फळी

सिप्पीमुनै
२० मे, सोमवार

चिरंजीव दासा,

तुझ्या थोरल्या भावाचे, अण्णाचे आशीर्वाद. जेनोवाला आणि दोन्ही पोरींना आमची आठवण सांग. इकडे देवळातल्या आईच्या कृपेने सगळे हिंडते-फिरते आहोत. पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. हल्ली घरी पत्र आलं की माणसाला नोटीसच आली असं वाटतं. पण फोनवर आपलं बोलणं तुला ठाऊक आहे. नाताळला तू विचारतोस, "वारा कसाय?" मी सांगतो, "वारा आहे." मग तू म्हणतोस, "ठेवतो अण्णा." सहा वर्षं आपण दोघे मिळून वाऱ्याचीच चौकशी करतोय.

कास्पर मामांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता त्यांना लख्ख दिसतं आणि तीच पंचाईत झालीय. ज्याला त्याला म्हणतात, "अरे, किती म्हातारा झालास!" तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो. मोठ्या बोटी मासेमारीबंदीमुळे उभ्या आहेत, आपल्यासारख्या लहान फायबरच्या बोटी जातात. मासळी बेताचीच. तिरुपूरला रंगाच्या कारखान्यात तुझे हात अजून निळे होतात का? जेनोवाने तुझ्या वहिनीला एकदा सांगितलं होतं, की भात कालवतानासुद्धा बोटं निळी दिसतात. तेव्हा वहिनी काय बोलली ते इथे लिहीत नाही.

तर बातमी अशी, की आपली बोट मी दुरुस्तीला काढली आहे.

मी कसली काढतो, वहिनीने काढायला लावली. परसात सहा वर्षं ती पालथी पडली होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. लेंटच्या उपासांत वहिनी म्हणाली, "हे मेलेलं जनावर किती दिवस दारात ठेवायचं? एक तर जाळ, नाहीतर पाण्यात घाल." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू बघू करत तुझे अप्पा गेले, आता तू जाशील." मग घेतलं करायला.

आठ जणांनी दोर लावून सुलटी केली. कास्पर मामा आले होते, कामापेक्षा ओरडायलाच जास्त. मी म्हणालो, पुढून सुरुवात करू, मागची बाजू भिंतीलाच राहू दे. वहिनी म्हणाली, "अर्धीच दाढी करून गावात हिंडतोस का कधी?" सगळे हसले. मीही हसलो. पण बोट भिंतीपासून वळवली नाही.

जुना रंग यंत्राने घासला. फायबरची ती पूड तुला आठवत असेल. अंगभर खोबरेल चोपडलं, फडकी गुंडाळली, तरी मानेत, काखेत, पापण्यांत कुसं भरली. चार दिवस झोपलो नाही. वहिनी म्हणते, रात्रभर माकडासारखा खाजवतोस. पुढे नाळेजवळ दोन भेगा होत्या, त्या कापून काढल्या, काचेच्या धाग्यांची मॅट लावली. रेझिनमध्ये हार्डनर घालताना अप्पांची पद्धत, बाटलीच्या झाकणाने. एकदा उन्हात झाकणभर जास्त पडला आणि डबा हातातच तापून धूर सोडायला लागला. शिव्या घालत वाळूत फेकला. बाकी काम चांगलं झालं. पुढून पोपटी, काठाला पिवळी पट्टी, आत पांढरा. रायप्पन लंगडत आला, दगडावर बसून तासभर बघत राहिला. म्हणाला, "सिलुवै, तुझ्या हाताला तोड नाही." मी त्याच्या पायाकडे बघितलं नाही. बघतच नाही कधी.

असं पुढचं काम तीन-तीन हात रंगवून झालं आणि मागची बाजू तशीच. रोज एक निमित्त. आज रेझिन संपलं, आज ढग आहेत, आज हवेत दमटपणा आहे.

मागच्या मंगळवारी मी समुद्रावर असताना वहिनीने बायका गोळा केल्या आणि बोट वळवून ठेवली. मला मदत व्हावी म्हणून हं. आलो तेव्हा ती मागच्या फळीपाशी बसली होती. इंजिन जिथून उपटून गेलं तिथलं भगदाड आ वासून होतं. तिने फळीत अंगठा दाबला. अंगठा आत गेला. शिळ्या भाकरीसारखा चुरा पडला, काळा.

ती कोळ्याची पोर आहे, तिच्या बापाच्या बोटी होत्या. म्हणाली, "हे वाळूवर आदळून मोडलेलं लाकूड नाही. हे आधीच कुजलेलं होतं."

मी खांद्यावरचं जाळं सावरलं.

"तुला माहीत होतं?"

मी जाळं खाली ठेवलं, हात धुतले. पुन्हा एकदा धुतले.

ती उठली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "सहा वर्षं मी तुझ्या भावाला दारुडा म्हणतेय. नळावर म्हटलं, देवळात म्हटलं, त्याच्या बायकोच्या तोंडावर म्हटलं. त्याच्या पोरी दारात आल्या तेव्हा दार लावून घेतलं मी. तू जेवत होतास आणि ऐकत होतास. माझ्या तोंडून वदवलंस हे सगळं! आता हे तोंड मी कुठे धुऊ?"

दासा, आता सगळं लिहितो. तीनदा लिहायला बसलो, तीनदा कागद फाडला.

त्या वर्षी सणाला आईची मूर्ती समुद्रात फिरवायची चिठ्ठी आपल्या घराची निघाली. अप्पा जन्मभर वाट बघत गेले, त्यांच्या हयातीत एकदाही निघाली नव्हती. सणाला नऊ दिवस उरले होते. तू दोर आणि झालरी आणायला शहरात गेला होतास. मी मागून रंग घासत होतो, तर इंजिनच्या बोल्टच्या भोकातून काळं पाणी आलं. स्क्रू-ड्रायव्हर घातला, मुठीपर्यंत गेला. म्हणजे आतली सगळी फळी गेलेली. वरचं फायबर तेवढं शाबूत.

ती उघडायची म्हणजे कापायची, वाळवायची, नवी प्लाय बसवायची, थर चढवायचे. पंधरा दिवस कुठे गेले नाहीत. आणि बोट तयार नसली तर चिठ्ठी पुढच्या घराला जाते. पुढचं घर कास्पर मामांचं. मी भोकात पुट्टी भरली. वर दोन थर मॅट. वर निळा रंग, असा गुळगुळीत की तोंड बघावं. तू आलास आणि हात फिरवून म्हणालास, "वा अण्णा!"

सण झाला. आई आपल्या बोटीत बसली. फादरनी पाणी शिंपडलं, ते त्या फळीवरही पडलं. सगळं गाव किनाऱ्यावर होतं आणि मी छाती काढून उभा होतो. सण झाला की फळी उघडायची असं मी ठरवलं होतं. मग सुरमई लागली. मग जाळी फाटली. रोज बोट ओढताना मी फळीवर हात ठेवायचो आणि म्हणायचो, पुढच्या आठवड्यात.

ज्या पहाटे तू आणि रायप्पन गेलात, त्या पहाटे मला ताप होता. तो खरा होता, एवढ्यावर तरी विश्वास ठेव. नाही ठेवलास तर तुला कोण काय म्हणणार?

इंजिन फळीसकट उपटून समुद्रात गेलं आणि तुम्ही दोन दिवस सापडला नाहीत. त्या दोन दिवसांत मी काय काय नवस बोललो ते सांगत नाही, एकही फेडलेला नाही. तुम्हाला ओढून आणलं तेव्हा सगळे तुमच्याकडे धावले, रायप्पनचा पाय बघून बायका रडायला लागल्या. मी बोटीकडे धावलो. तिच्यावर ताडपत्री टाकली, पोरांना लावून तशीच घरी ओढत आणली आणि मागची बाजू भिंतीला लावून पालथी घातली. लोक म्हणाले, बिचाऱ्याला बघवत नाही.

मग गावची सभा. धक्का कशाचा बसला ते रायप्पनला कळलं नव्हतं, आणि आदल्या संध्याकाळी लग्नात तू दोन पेले घेतले होतेस, तेवढं पुरलं. पिऊन वाळूच्या पट्ट्यावर बोट घातली, इंजिन घालवलं, रायप्पनचा पाय घालवला. कास्पर मामांनी मला विचारलं, "सिलुवै, बोट कशी होती?" मी म्हणालो, "ठणठणीत होती." तू माझ्याकडे बघितलंस. मग खाली बघत म्हणालास, "अण्णा म्हणतो तसंच." आणि सभेच्या वहीत लिहिलं गेलं, की अमलदासला गावातल्या कोणी बोटीवर घेऊ नये.

काल देवळात मिस्सा झाल्यावर सभा होती. मी ती फळी कापून पोत्यात घालून नेली आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवली. म्हणालो, "माझ्या भावाचा दोष नव्हता. फळी कुजलेली होती." कास्पर मामांनी नव्या डोळ्यांनी बघितली, नखाने उकरली. रायप्पन तोंडावर पंचा घेऊन रडला. तुझ्यावरची बंदी काढली, वहीत तसं लिहिलं, मी स्वतः वाचलं. तू केव्हाही येऊ शकतोस, कोणाच्याही बोटीवर जाऊ शकतोस. हे जेनोवाला आधी सांग.

इथे थांबलो असतो तर पत्र चांगलं झालं असतं.

पण मग कास्पर मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फायबरच्या आतलं लाकूड कोणाला दिसतंय रे? तुला तरी काय माहीत असणार?" सगळे माझ्याकडे बघत होते, मायेने बघत होते. मी तोंड उघडलं. दासा, मी खरंच तोंड उघडलं होतं. आणि म्हणालो, "हो मामा." कोणीतरी हातात चहा दिला. मी तो प्यायलो.

वहिनी बायकांत बसली होती. घरी आली. पोरीच्या वहीतले कागद फाडून माझ्यापुढे ठेवले आणि शेजाऱ्यांकडे जाऊन बसली. ती मंगळवारपासून माझ्या पानात वाढते आणि स्वतः बाहेर जाऊन जेवते.

अजून एक राहिलं. तेच लिहायचं होतं, बाकी सगळं त्याच्या आधीचं टाळणं.

तू गाव सोडलंस त्या दिवशी मी बसपर्यंत आलो होतो. जेनोवा आणि पोरी आत बसल्या होत्या. तू पायरीवर उभा राहून हळूच म्हणालास, "अण्णा, बोट पुन्हा पाण्यात घालशील तर आधी मागची फळी उघडून बघ. तुझ्या नजरेतून सुटली असेल. मनाला लावून घेऊ नकोस, चुकतं माणसाचं." म्हणजे तुला ठाऊक होतं. फळीचा कुजका तुकडा तुझ्या हातात आला होता, तू बघितला होतास. माझी अजाणता झालेली चूक समजून, गावात माझी मान खाली जाऊ नये म्हणून, तू दारुडा होऊन गेलास. बायको-पोरींना घेऊन गेलास.

मी म्हणालो, "बघेन." बस सुटेपर्यंत हात हलवला.

ती नजरेतून सुटली नव्हती, दासा. मी बघितली होती. सणाच्या नऊ दिवस आधी, लख्ख उन्हात.

गावात हे वहिनीखेरीज कोणाला माहीत नाही, आणि मी सांगेन असा मला आता स्वतःचा भरवसा उरलेला नाही. म्हणून हे कागद तुझ्याकडे ठेवतोय. फाडायचे तर फाड. फादरना पाठवून सभेत वाचायला लावायचे तर तसं कर, मी समोर बसून ऐकेन. तू ये असंही लिहीत नाही, तेवढं तोंड मला नाही. खाली नुसतं अण्णा लिहिलं तर सभा ते धरणार नाही, म्हणून सही वहीत करतात तशी करतो.

मरियान यांचा थोरला मुलगा सिलुवै,
राहणार सिप्पीमुनै.
वरचं सगळं माझ्या हाताने, शुद्धीत लिहिलं आहे.