कंसात कोरस

९ नोव्हें.
सकाळी विहारात आशाताईंनी मोबाइल माझ्या कानाला लावला. "ऐका वं, वळखा कोण हाय." दुसऱ्याच ओळीला कळलं. मीच. पंचवीसेक वर्षांची मी, खालच्या सुरातून एकदम वर जाते तो माझा आवाज. ती आमच्या गायन पार्टीची एकुलती एक कॅसेट. माझ्याकडे तिची प्रत नाही. गळ्याच्या ऑपरेशननंतर तो आवाजही नाही, आता भाजीवाल्याला हाक मारली तरी तो दुसरीकडेच बघतो.
आशाताईंना त्यांच्या पुतण्याने पाठवलं. त्याला कुठून मिळालं, विचारायला सांगितलंय.

१० नोव्हें.
पुतण्याचा फोन. जुनी भीमगीतं जमवणाऱ्या लोकांचा एक प्रोग्राम आहे. गाणी ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरच असतात. तो माणूस मशीन लावून बसला असेल तरच त्याच्याकडून उचलता येतात. प्रोग्राम जुना, फक्त विंडोजचा. माझ्या मशीनवर लिनक्स. रिटायर झाल्यावर मीच टाकलं. खापरखेड्याला वीज प्लांटच्या कॉम्प्युटर सेक्शनला तीस वर्षं काढली, एवढं येतं.
विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायला वाईन नावाचं सॉफ्टवेअर लागतं. यांना म्हटलं, वाईन टाकते. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पंचशील घेतलेल्या घरात?" मग स्वतःच हसले.

१२ नोव्हें.
प्रोग्रामची खिडकी उघडते, मिटते. चार वेळा. वाईनची जुनी आवृत्ती काढून नवी टाकली तेव्हा टिकली. पण इंग्रजी तेवढं दिसतं. मराठीच्या जागी रिकामे चौकोन, ओळीच्या ओळी.
प्रोग्रामचा नियम, तुम्हीही काहीतरी वाटायला ठेवा, नाहीतर लोक देत नाहीत. माझ्याकडे काय आहे? एक फोल्डर दाखवलं आणि पुढे गेले. नाव मागितलं, 'जुनी श्रोता' दिलं.

१३ नोव्हें.
सापडलं. बारा गाणी, एकाच माणसाकडे. त्याचं नाव इंग्रजीत आहे म्हणून वाचता आलं. मधुकर, पुढे सक्करदरा.
म्हणजे मधुकरभाऊच. पार्टीचे प्रमुख, पेटी वाजवायचे. मी त्यांना भाऊ म्हणायचे, राखी बांधायचे. माझं लग्न झालं त्यानंतर दोन महिन्यांनी कॅसेट निघाली. कव्हरवर त्यांचा फोटो, त्यांचं नाव. माझं कुठेच नाही. पस्तीस वर्षं झाली, मी त्यांच्याशी बोललेले नाही.
उचलायला लावलं आणि खुर्चीतून उठले.

१७ नोव्हें.
ते दु. दोन ते चारच असतात. प्रोग्राम माझ्याकडे मध्येच गोठतो, मग सगळं पुन्हा रांगेत. आमच्या जरीपटक्याहून त्यांच्या सक्करदऱ्याला ऑटोने पाऊण तास. पहिलं गाणं यायला चार दिवस लागले.
ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा लावलं तर हे हॉलमधून, "आवाज कमी कर वं, बातम्या लागल्या."
कमी केला.

२० नोव्हें.
चौकोनांचं कारण साधं निघालं. वाईनच्या फोल्डरात मराठी फाँटच नव्हता. लिनक्सचाच एक उचलून तिकडे टाकला, प्रोग्राम बंद करून उघडला. वेलांट्या जागेवर नाहीत, पण वाचता येतं.
चौकोन होते तेच बरं होतं. प्रत्येक फायलीवर 'मधुकर आणि पार्टी'. सातव्या गाण्यावर 'मधुकर आणि पार्टी', पुढे कंसात 'कोरस'. सातवं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटी मी गायलेय. ते पेटीवर आहेत फक्त.
तेव्हा कव्हर छापायचं होतं, जागा नव्हती म्हणता येईल. या फायलींना नावं तर आत्ता दिली ना? घरी बसून, सावकाश, एकेक अक्षर टाइप करून. कंस टाकून.

२२ नोव्हें.
मधुकरभाऊंचा निरोप आला प्रोग्रामच्या खिडकीत. "आपण कोण? जुन्या गाण्यांची आवड दिसते." उत्तर दिलं नाही.

२५ नोव्हें.
माझ्याकडून कोणी काय नेलं त्याची यादी आज उघडली. मधुकरभाऊंनी तीन फायली नेल्यात. सराव १, सराव ४, सराव ९.
सराव म्हणजे आवाजाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि रेकॉर्ड करायचं. माझं घोगरं, फाटलेलं, मध्ये थांबून पाणी पिणारं वाचन. ते कसं गेलं? बघितलं, तर वाटायला मी एक फोल्डर दिलंच नव्हतं. वाईनला लिनक्सची सगळी डिस्क झेड नावाच्या ड्राइव्हसारखी दिसते. मी त्यातलं माझं अख्खं घरच उघडून ठेवलं होतं. बँकेचे कागद, फोटो, सगळं. प्लांटमध्ये दुसऱ्यांना पासवर्डवरून झापणारी मी.
बंद केलं लगेच. पण गेलं ते गेलं. दुसऱ्या कोणीही नेलं असतं तर चाललं असतं.

२७ नोव्हें.
निरोप. "रत्ना, तुझ्या गळ्याले काय झालं?"
त्या आवाजावरून ओळखलं. माझी सख्खी बहीण फोनवर अजून ओळखत नाही.
दोन वाजल्यापासून मी स्क्रीनसमोर होते. चार वाजले, ते गेले.

२९ नोव्हें.
लिहिलं शेवटी. "गळ्याचं सोडा. माझं नाव काहून काढलं ते सांगा." भाऊ लिहिलं नाही.

१ डिसें.
त्यांचं उत्तर जसंच्या तसं उतरवते.
"तुले खरंच माहीत नाही? वामनराव आले होते माझ्या घरी. लग्नाच्या आठ दिवस आधी. म्हणे, स्टेजवर गाणारी बाई म्हणून आमच्या घरात कोणाचं नाव नको. कव्हरवर नाव आलं तर लग्न मोडतो. तुले सांगाचं नाही, असंही बोलले. मी तुझ्या सुखासाठी गप्प राहिलो. मले वाटे, नंतर त्याइनच सांगितलं असन."
वामनराव म्हणजे हे.
कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी गॅस बंद केला, ताटं घेतली, वाढलं. हे म्हणाले, वरणात मीठ कमी आहे. मी मीठ दिलं.

३ डिसें.
दोन दिवस जमलं नाही. आज विचारलं. हे गच्चीवर उन्हात वटाणे सोलत होते.
"तुम्ही मधुकरभाऊंच्या घरी गेला होता? लग्नाच्या आधी?"
"कोणी सांगतलं?"
"गेला होता का?"
"असन गेलो. तेव्हा माय जिवंत होती माझी. लोक काय काय बोलत, तुले काय माहीत." मग शेंगा सोलतच, "एवढ्या वर्षांनी कायले उकरून राहिली?"
मी म्हटलं, कॅसेट निघाली तेव्हा मी रडले होते. तुम्ही जवळ बसून म्हणाला होता, पाह्य तुझा भाऊ कसा निघाला.
यांनी पुढची शेंग उचलली.
मी म्हटलं, चार वर्षांपूर्वी मधुकरभाऊंची बायको गेली. कमल. माझी मैत्रीण. मी तिच्या मयतीला गेले नाही, याच रागापायी. तुम्हाला माहीत होतं.
तर म्हणाले, "म्या कुठं अडवलं होतं तुले?"
खरंय. अडवलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले होते, तुझी मर्जी.

४ डिसें.
बोलणं बंद. विधानसभेच्या अधिवेशनामुळे रस्ते अडवलेत, नाहीतर बहिणीकडे गेले असते. आणि तिला सांगितलं काय असतं? तीही म्हणेल, बाई, आता वय काय आपलं.
पस्तीस वर्षं मी एका माणसाला शिव्या दिल्या आणि दुसऱ्याचे डबे भरले. कमल दोनदा घरी आली होती, माझ्या मुलीच्या बारशाला आणि नंतर एकदा. मी चहा दिला, बस म्हटलं नाही. ती दारातच म्हणाली होती, "एकदा यांचंही ऐकून घे ना रत्ना." मी म्हटलं, कामं पडलीत.

६ डिसें.
सकाळी दोघं विहारात गेलो, वेगवेगळ्या ओळीत बसलो. येताना हे म्हणाले, "मधुकरले सांग नाव टाकाले. आपलं आडनाव टाक म्हणा."
आपलं.
मी तेव्हा गायले ते या घरात पाऊल टाकायच्या आधी.

८ डिसें.
उरलेली गाणी येताहेत, एकेक. मधुकरभाऊ आता माझ्यासाठी सकाळीही मशीन लावतात. मला भाऊ पुन्हा आवडायला लागले आहेत असं वाटत होतं. त्यांना लिहिलं, कमलला भेटायला हवं होतं, चुकलं माझं. त्यांनी लिहिलं, "ती तुझी लय आठवण काढे."
दुपारी तिसरं गाणं आलं. त्याच्यावरही कंसात कोरस, मागे यादी वाचताना मी फक्त माझंच बघितलं होतं. लावलं, तर कमल. एकटी. मी विसरलेच होते की एक गाणं तिचं होतं. पोटुशी होती तेव्हा, दम पुरत नव्हता, तीन वेळा रेकॉर्डिंग थांबवलं होतं. काय गायलीय. माझ्यापेक्षा चांगली, आज ऐकताना कळलं.
मग फाइलीच्या नावाकडे पाहत बसले.

९ डिसें.
दु. तीनला मधुकरभाऊंचा निरोप. "सगळ्या फायलींची नावं नवीन टाकून राहिलो. तुझं कोणतं टाकू, माहेरचं का सासरचं? चारपर्यंत सांग, मग लोकांसाठी ठेवून देतो."
माहेरचं, असं टाइप केलं. पाठवणार होते. मग खोडलं आणि लिहिलं, "कमलचं नाव काढाले कोण आलं होतं तुमच्या घरी?"
पाठवलं. तीन वाजून दहा.
त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे समोरच होते. मी उठले नाही. हे दोनदा येऊन गेले, दुसऱ्यांदा चहा टेबलावर ठेवून गेले. आजवर कधी ठेवला नव्हता. मी घेतला नाही.
साडेतीनला ठिपका गेला. अकरावं गाणं अर्ध्यावर थांबलंय, बारावं रांगेत. त्यांच्याकडची लाइट गेली असेल, किंवा माझाच प्रोग्राम गोठला असेल. बंद करून पुन्हा उघडला. नाही, चालू आहे.
उद्या दोनला बघते.