बाबांचा नवा पासवर्ड

दादा,

जेवण झाकून ठेवलंय. बाबांच्या कॉम्प्युटरवर अंदाजाने काही टाकू नकोस, तो कायमचा बंद होईल. आईचे सगळे फोटो त्यातच आहेत.

रविवारी बाबा ठणठणीत होते. पासवर्डला माझ्या नवऱ्याच्या भाषेतला एकच शब्द ठेवला होता. म्हणाले, “परकी भाषा! चोराच्या बापालाही कळणार नाही.”

मी म्हणाले, “बाबा, चोरांकडे सगळ्या भाषांचे शब्दकोश असतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा.”

त्यांनी लगेच बदलला. सोमवारी ते गेले आणि तो पासवर्डही गेला.

घरात बसवत नाही, चालून येते. आत्ताच त्या काळ्या पडद्यासमोर मोठ्याने म्हणाले, “बाबा, ती भाषा तुम्ही माझ्यासाठी शिकत होता, हे मला कळलं होतं.”