कमी केलेली चार वर्षे परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रबंधक,
केंद्रीय अपील न्यायालय

विषय: फेटाळलेल्या अर्जावर अपिलाची परवानगी मिळणे व माझी शिक्षा वाढवणे.
संदर्भ: जिल्हा न्यायाधीशांचा मार्चमधील आदेश.

महोदय,

खाली सही करणारा मी, डॅरेल स्टिडहॅम, केंटकीतील केंद्रीय तुरुंगातील कैदी, पुढीलप्रमाणे कळवतो.

१. नशेच्या गोळ्या विकल्याचा गुन्हा मी कबूल केला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु शिक्षेच्या वेळी माझे वकील श्री. पेल्फ्री यांनी मला न विचारता कोर्टाला लिहून दिले की, अर्जदाराने साथीदारांची नावे पोलिसांना सांगितली. मी एकही नाव सांगितलेले नाही. त्यावरून चार वर्षे कमी झाली. पहिलाच गुन्हा म्हणून सूट मिळाली, असे मी समजलो.

२. येथे नवा कैदी आला की जुने कैदी त्याचे कोर्टाचे कागद मागतात. खबऱ्या निघाल्यास मारतात. कागद येईपर्यंत कोणालातरी त्याची हमी घ्यावी लागते. आमच्याच खोऱ्यातले वयस्कर कैदी व्हर्जिल नोबल यांनी माझी घेतली. ते म्हणाले, "याच्या बापाबरोबर मी खाणीत उतरलोय. ही माणसं मार खातील, तोंड नाही उघडणार." कागद मीच मागवले आणि न वाचता दिले. लपवण्यासारखे काही नव्हते.

३. रस्टी नावाच्या कैद्याने ते जेवणघरात सर्वांसमोर वाचले. मी नाकारताच तो म्हणाला, "वकील तुझा, शिक्का कोर्टाचा. मग खोटं कोण बोलतंय, आम्ही?" हमी घेणाऱ्यानेच काम उरकायचे, असा येथील रिवाज आहे. श्री. नोबल यांनी मला धुलाईच्या खोलीत गाठले. हातात मोजा होता, मोज्यात लोखंडी कुलूप. म्हणाले, "खाली बैस, बाळा. उभ्याने जास्त लागतं." पहिल्या फटक्यात माझा डावा डोळा गेला, दुसऱ्यात जबडा मोडला. मग त्यांनी हात खाली घेतला. दारात उभ्या तिघांना म्हणाले, "मला नाही जमत. तुमचं तुम्ही बघा." त्या तिघांनी त्यांना घासून धार लावलेल्या सळईने भोसकले; ते तिघे कोण, हे मी चौकशीतही सांगितलेले नाही. श्री. नोबल माझ्या अंगावर कोसळले आणि तिथेच मेले.

४. त्यानंतर मी वकिलाच्या खोट्या विधानाविरुद्ध अर्ज केला. आदेशात म्हटले आहे की, वकिलाची चूक धरली तरी अर्जदाराचे नुकसान झालेले नाही, उलट चार वर्षांचा लाभ झाला. डोळा शिक्षेनंतर गेल्याने तो विचारात घेता येत नाही, असेही खाली टिपेत आहे. आदेश खुला असल्याने तो रस्टीने मागवून वाचला. माझ्या कोठडीपुढून जाताना तो म्हणाला, "अभिनंदन. आता जज्जसाहेबही तेच म्हणतात."

५. मी सध्या एकांत कोठडीत आहे. पुढील महिन्यात मला पुन्हा सर्वांत सोडणार आहेत. दुसऱ्या तुरुंगात पाठवले तरी तिथेही कागद मागतात. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पूर्ण शिक्षेवर ठेवतील, कारण खबऱ्याला कोणी पूर्ण शिक्षा देत नाही.

तरी अपिलाची परवानगी द्यावी, अर्जदाराने कोणाचेही नाव दिले नाही असे स्पष्ट लिहावे, आणि चार वर्षे परत घालावीत. इतर कैदी असे आदेश गुप्त ठेवण्याची विनंती करतात. माझा आदेश कृपया खुला ठेवावा. आहे ती शिक्षा संपेपर्यंत मी जगेन असे वाटत नाही. वाढवून मिळाल्यास पूर्ण भोगीन.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
डॅरेल स्टिडहॅम
२ एप्रिल

सोबत: जिल्हा न्यायालयाच्या आदेशाची प्रत; तुरुंगाच्या डॉक्टरांचा दाखला; श्री. नोबल यांचा मृत्यूचा दाखला.