कवडझरीचा आकाशगुरू

२ जानेवारी १९८४, सकाळी ७.१०
यंदा रोजनिशी नियमित. थोडक्यात आणि खरं तेवढंच लिहायचं. पहाटे पाचला उठायचं ठरलं होतं, पण ठरवतानाच उशीर झाला, म्हणून आजचा दिवस धरायचा नाही.

मोठी गोष्ट म्हणजे आता उपग्रहावरून टीव्हीवर शाळेचे धडे येतात. मास्तर आकाशात फिरतोय आणि आमच्या शाळा अजून बाराखडीच्या तक्त्यावर अडकून पडल्या आहेत. विस्तार अधिकारी म्हणून माझ्याकडे अठ्ठावीस शाळा. एका शाळेत टीव्ही बसवून दाखवायचा, मग उरलेल्या सत्तावीस आपोआप. सरकारवर विसंबायचं नाही. एक सेठ, एक कारखाना, एक गाव आणि आमचं खातं, अशी चौघांची भागीदारी. नाव सुचलं: आकाशगुरू योजना. इंदूला सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावून या. संसारी बायकांना दूरदृष्टी नसते.

९ जानेवारी
गांधीबाग. कापडाचे व्यापारी ओमप्रकाश सेठ. गादीवर तीन तास बसलो, चहा दोनदा. टीव्ही द्यायला तयार. अट एकच, संचावर त्यांच्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरात. किती मोठ्या, विचारलं. म्हणाले, मास्तरसाब, नाव दिसलं पायजे, टीव्ही नाई दिसला तरी चालते. मिश्किल माणूस.
निघताना सफारीचं कापड दिलं. नको म्हणालो, पण योजनेचा चेहरा नीटनेटका हवा.

१९ जानेवारी
हिंगणा. कारखान्याच्या गेटवर नेमकी शिफ्ट सुटली. मोटरसायकलींच्या लोंढ्यात चप्पल गेली, परत मिळाली. वॉचमनला वाटलं मी नोकरी मागायला आलो. मॅनेजरनी चार मिनिटांत अँटेना, खांब आणि बॅटरी कबूल केली, कारण त्यांना मीटिंगला जायचं होतं. निर्णयक्षमता याला म्हणतात. आमच्या ऑफिसात पंख्याला तेल घालायला तीन महिने लागले.

२५ जानेवारी
गाव निवडलं, कवडझरी. फॉर्मवर प्रश्न: गावात वीज आहे काय? गावात चार खांब उभे आहेत. 'होय' लिहिलं. तारा अजून यायच्या आहेत, पण फॉर्ममध्ये तारांविषयी विचारलेलं नाही.
शाळा म्हणजे एक खोली आणि व्हरांडा. चार वर्ग, एकसष्ट मुलं, दोन शिक्षक. मुख्याध्यापक रामाजी गुरुजी कुटुंबनियोजनाच्या केसेस जमवायला बाहेरगावी. म्हणजे सगळी शाळा चारुशीला मेश्राम बाईंवर. बाई तात्पुरत्या, ऑर्डर एप्रिलअखेर संपते, जूनमध्ये नवी मिळायला हवी. तिसरीतल्या एका मुलीला म्हटलं, वाच काहीतरी. तिने माझ्या चिवड्याच्या पुडीचा कागद घेऊन हर्नियाची जाहिरात अस्खलित वाचली. मी चिवडा खिशात ठेवला.
तिची आई पंचफुला, मजुरी करते. गावाला काय हवं, असं मी सर्वांना विचारलं (भागीदारीत विचारावं लागतं). तीच पुढे झाली. म्हणाली, साहेब, बाईले इथंच राहू द्या. पयले मास्तर महिन्यातून दोनदा येत. आता माही पोरगी चिठ्ठी वाचते. टीव्ही आला त आला, नाई आला त नाई.
नोंद केली: ग्रामस्थांमध्ये प्रचंड उत्साह.
बाईंच्या शिफारशीचं पत्र आजच लिहिणे.

२७ जानेवारी
पत्र राहिलं. काल झेंडावंदन होतं.

१० फेब्रुवारी
टीव्ही कवडझरीला पोहोचला. आता नवीनच अडचण. सरकारी नियमाने वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढली की ती मुख्याध्यापकाच्या नावावर. फुटली, बिघडली, उंदरांनी खाल्ली, तरी जबाबदार तोच. रामाजी गुरुजींच्या रिटायरमेंटला तीन वर्षं आहेत. ते म्हणाले, साहेब, याच्या काचेले चरा पडला त माही पेन्शन अडकते. मी याले हात लावू देत नाई कोनाले. संच कपाटात मावेना, म्हणून घरी नेऊन खाटेखाली ठेवला, वर गोधडी.
सुरक्षेची व्यवस्था उत्तम.

३ मार्च
उद्घाटन. आमच्या खात्याचे मोठे साहेब आले, सेठ आले, मॅनेजर मीटिंगमध्ये. फीत कापली. बॅटरी जोडली. सेठजींच्या वडिलांचं नाव लांबूनही वाचता येत होतं. पडद्यावर मुंग्या. अँटेना पूर्वेला फिरवली, मुंग्या. पश्चिमेला फिरवली, जास्त मुंग्या. फिटर म्हणाला, मंधात टेकडी हाय, आनखी चाळीस फूट खांब लागन. सेठजी म्हणाले, हार आधी घालून घ्या.
पोरं चुळबुळ करायला लागली. तेव्हा बाई संचाशेजारी उभ्या राहिल्या. हातात कार्यक्रमाचं छापील वेळापत्रक होतं, त्यात धड्याचं नाव होतं, विहिरीचं पाणी. त्यांनी गावातल्याच विहिरीपासून सुरुवात केली. पाणी कुठून येतं, उन्हाळ्यात कुठे जातं, उकळून का प्यावं. एकसष्ट पोरं चिडीचूप. मोठे साहेब व्हरांड्यात नारळपाणी पीत होते. त्यांना मुलांच्या फक्त पाठी दिसत होत्या आणि पलीकडे टीव्ही. म्हणाले, वा, इतकी शांत? मी म्हणालो, सर, आकाशगुरू.
हे खोटं नाही. मुलांची तोंडं त्याच दिशेला होती.

२० मार्च
बॅटरी उतरली. चार्जिंग हिंगण्याला. कंडक्टर बसमध्ये बॅटरी घेऊ देत नाही, ॲसिड सांडतं म्हणतो. संच पुन्हा खाटेखाली. यास बंद म्हणता येणार नाही, तांत्रिक विराम म्हणावं.
बाई टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची अक्षरं कापून पहिलीला शिकवतात. म्हणजे संचाचा शैक्षणिक वापर सुरूच आहे.

२ एप्रिल
अहवाल पूर्ण. अकरा पानं. हात दुखतोय पण मन भरून आलं. पान सातवरचं वाक्य स्वतःशीच तीनदा वाचलं: 'या संचामुळे एका शिक्षकास चारही वर्ग सहज सांभाळता येतात, असे प्रत्यक्ष पाहणीत दिसून आले.' प्रत्यक्ष पाहणीत दिसलंच होतं. बाई एकट्या होत्या, वर्ग चार होते, संच होता.
इंदूने वाचलं. म्हणाली, मग दुसरा मास्तर कशाले पायजे? हसलो. अहवालाची भाषा घरी समजत नाही.
बाईंची शिफारस सोबत जोडायची होती. पाकीट चिकटवल्यावर आठवलं. स्वतंत्र पत्र जास्त ठसठशीत दिसेल, असा विचार केला.

३० एप्रिल
मोठ्या साहेबांचं पत्र. 'अत्यंत स्तुत्य उपक्रम.' आणि 'मनुष्यबळाची बचत' या शब्दांखाली लाल रेघ. ऑगस्टमध्ये पुण्याला परिसंवाद, तिथे मी निबंध वाचायचा. सफारी शिवायला टाकला. शिंप्याने पोटाचं माप दोनदा घेतलं. पहाटेचं फिरणं सुरू करणे.
बाईंची मुदत आज संपली. जूनला अवकाश आहे.

२६ जून
ऑफिसात ऑर्डर आली. ज्या शाळेत शैक्षणिक टीव्ही संच बसवला आहे, तिथे दुसऱ्या शिक्षकाचं पद भरण्याची आवश्यकता नाही. आधार: माझा अहवाल, पान सात.
बाईंना नवी ऑर्डर नाही.
दोनदा वाचली. मला लाज वाटली. डबा खाल्ला नाही. चूक माझी आहे, हे इथे लिहून ठेवतो. उद्याच दुरुस्तीचा अहवाल. एक पान पुरे: तारा नाहीत, चित्र नाही, संच खाटेखाली, शिकवत होत्या त्या बाई.

२८ जून
मसुदा तयार. 'संच बंद आहे' फार कठोर वाटलं. 'संच अंशतः कार्यरत' केलं. मग वाटलं, अंशतः तरी कुठे? 'संच कार्यरत होण्याच्या मार्गावर.' इंदूने वाचून कागद टेबलावर ठेवला. म्हणाली, याच्यात त सगळं ठीकच चालून राहिलं. मग बाईले वापस कोन आणन?
पुन्हा लिहिणे.

९ जुलै
मेश्राम बाई ऑफिसला आल्या. वाटलं, भांडतील. उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी एक वही दिली. एकसष्ट मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे काय येतं, काय येत नाही. कुणाला हातचा जमत नाही, कोण लाजून वाचत नाही पण येतं सगळं, कुणाला फळा दिसत नाही म्हणून पुढे बसवायचं. म्हणाल्या, सर, जे कोणी येतील त्यांना द्या, पोरांची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून व्हायला नको. स्वतःविषयी एक अक्षर नाही. आमच्या नंदनवन वस्तीतच एका बालवाडीत लागल्या आहेत, आमच्या घरापासून चार गल्ल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.
वही ड्रॉवरमध्ये ठेवली. द्यायला कोणी नाही.

१८ जुलै, संध्याकाळ
पंचफुला घरी आली. पत्ता शोधत सकाळी निघाली होती. रामाजी गुरुजी आता मतदारयाद्यांच्या कामावर, शाळा आठवड्यातून दोन दिवस उघडते. पोरं गुरांमागे. तिची मुलगी निंदायला जाते. मी म्हणालो, मुलीचं शिक्षण थांबवू नका. ती म्हणाली, कुलपाले पाहाले पाठवू का साहेब? मग म्हणाली, तुमी इचारलं होतं ना, का काय पायजे. मी सांगतलं होतं. मंग काहून असं केलं?
तिचा आवाज चढला नव्हता. इंदूने तिला चहा दिला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.
शब्द दिला: सोमवारी ऑफिसला या, तुमच्यासमोर दुरुस्तीचा अहवाल मोठ्या साहेबांना देतो. ती गेल्यावर एका बैठकीत लिहिला. एक पान, खरं सगळं. अंशतः वगैरे काही नाही. सही केली. कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं.

२३ जुलै, सोमवार
पावणेपाचला उठलो. नवा सफारी घातला, कारण दुसरे कपडे वाळले नव्हते.
अकराला साहेबांसमोर. त्यांनी कागद वाचला, ड्रॉवरमधून माझा अकरा पानी अहवाल काढला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. रागावले नाहीत. म्हणाले, दोन कागद, सही एकाच माणसाची. एक खोटा आहे. पहिला खोटा असेल तर तुमच्यावर चौकशी लावावी लागेल, पुण्याला दुसरं कोणी जाईल, आणि त्या अहवालावर आणखी चौदा गावांना संच मंजूर झालेत, ते मला वर जाऊन सांगावं लागेल. दुसरा खोटा असेल तर तो मी पाहिलाच नाही. कोणता खोटा?
पंखा फिरत होता.
दुसरा, असं म्हणालो.
त्यांनी कागद परत दिला. मी तो चार घड्या करून खिशात घातला.
बाहेर बाकावर पंचफुला बसली होती, मुलीला घेऊन. देल्ला का साहेब कागद, तिने विचारलं. मी म्हणालो, दिला. हे खरंच आहे, दिलाच होता. मग बाई कई येईन? म्हणालो, कारवाई चालू आहे, वेळ लागतो. ती म्हणाली, बरं, मंग बसते मी इथंच. आजची रोजी पाडूनच आली.
जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेलो नाही. चारला गेलो नाही. साडेपाचला शिपाई खिडक्या लावायला लागला, तेव्हा फटीतून पाहिलं. मुलगी नोटीस बोर्डासमोर उभी राहून एकेक कागद आईला मोठ्याने वाचून दाखवत होती, बाईंचं नाव कुठे लागलंय का ते शोधत. बदल्या, निविदा, हरवलेल्या शिक्क्याची सूचना. एकही शब्द अडला नाही.
मी मागच्या दाराने निघालो. स्कूटर दुसऱ्या किकला सुरू झाली.