खरी सही

२ फेब्रुवारी
अक्कलकुव्यात पहिला दिवस. नंदुरबारच्या पथारींवर वाळणाऱ्या मिरचीचा खकाणा नाकात घेऊनच आले. इथेही शिंका थांबेनात, सुनिताताई हसल्या. संस्था त्यांची, दोन खोल्यांची. डोंगरातल्या आशाताईंना औषधांची माहिती त्यांच्या पावरी बोलीत बोलून सांगणारं ॲप आम्ही बनवतो. माझं काम म्हणजे बोललेल्या माहितीचं नवं पॅकेज साइटवर ठेवताना सोबत डिजिटल सही ठेवायची. ती गुप्त किल्लीनेच उमटते. आशाताईंचा फोन आधी सही ताडून बघतो, जुळली तरच पॅकेज घेतो. मधे कुणी काही घुसडलं तर लगेच कळतं. मला हे आवडलं.

५ फेब्रुवारी
माझ्या आधी करमसिंग होता. ॲपमधला आवाजही त्याचाच. पावसाळ्यात नर्मदेवरच्या धरणाच्या बुडितात त्याची होडी उलटली. तो सापडलाच नाही. किल्लीचा पेनड्राइव्ह त्याच्या गळ्यात होता. ताईंनी मला नवी किल्ली करून दिली, पण फोन अजून जुनीही मानतात. त्याची आई दगूबाई आमच्याच आशाताईंपैकी.

९ फेब्रुवारी
साइटवर एक पॅकेज आलंय. मी ठेवलेलं नाही, ताईंनीही नाही. सही जुळते. करमसिंगची, कालच्या तारखेची. ताई म्हणाल्या, पेनड्राइव्ह कुणाला तरी मिळाला असेल. पॅकेज काढलं. जेवून आले तर पुन्हा तिथेच.

११ फेब्रुवारी
ऐकलं. औषधांचं नावही नाही. पाण्याचा आवाज, आणि त्यातून करमसिंग एकेकीला नावाने हाक मारतोय. काठावर ये म्हणतोय, असं ताईंनी सांगितलं. मला पावरी येत नाही.
दुपारी दगूबाई फोन घेऊन आल्या. कुणी पोराची नक्कल करतंय का, एवढंच त्यांना हवं होतं.
"सही खरी आहे का, बाई?"
"सही खरी आहे," मी म्हणाले.
सही खरी म्हणजे तो जिवंत आहे असं नव्हे, हे सांगेपर्यंत त्या उठल्या होत्या.

१३ फेब्रुवारी
दगूबाई पाण्यात चालत गेल्या. गुरं पाजणाऱ्यांनी हाका मारल्या. वळल्या नाहीत.
मी गप्प राहायला हवं होतं. जुनी किल्ली रद्द केली. आता त्याची सही कुठलाच फोन मानणार नाही.

१४ फेब्रुवारी
पुन्हा पॅकेज. सही जुळते. करमसिंगची नाही. माझी.
किल्ली माझ्या मुठीत आहे. सकाळपासून सोडलेली नाही.
ऐकायचा धीर —
ऐकलं. आवाज माझा. मी पावरी बोलतेय.

दुपारी
ताईंच्या फोनवर पोचलं. गाडीची चावी घेऊन निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले. माझ्याकडे न बघता, फोनकडे बघत म्हणाल्या, "सरक चेतना. तूच तं माले बलाई ऱ्हायनी." मीच बोलावतेय म्हणे त्यांना.
गेल्या.
माझी किल्ली रद्द करतेय. त्यालाही माझीच सही लागते. केली. उत्तर आलं, सही खोटी. पुन्हा केली — खोटी —
आईचा फोन. तिच्याकडे ॲपसुद्धा नाही. विचारतेय, काठ म्हणजे नेमका कुठला, अक्कलकुव्याला उतरून पुढे कुठली बस —