बंद रांजण आणि दोन गावांचं बीपी

ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? रायोंगच्या कारखान्यात अजून उभ्यानेच काम करतेस का? मी ठीक आहे (किती ठीक, हे मोजण्यावरूनच सगळं रामायण घडलं).

गावच्या आरोग्य केंद्राची स्वयंसेविका म्हणून मी दारोदार बीपी मोजत फिरते, हे तुला ठाऊकच आहे. महिन्यापूर्वी कळलं, केंद्रामुळे माणसं खरंच सुधारतात का, हे तपासायला प्रांताच्या ठिकाणाहून एक बाई येणार. आकडे वाईट आले तर नर्स ओराथायची बदली! अगं, जिने खमपानमावशीला मरणाच्या दारातून ओढून आणलं, तिची! गाव हट्टाला पेटलं. ठरलं, पंधरा दिवस पला रा बंद. (तो खारट आंबवलेला मासा नाही, तर घास उतरतो का आपल्या लोकांना? पण मावशीने विक्रीचे रांजणसुद्धा बांधून ठेवले आणि कपाळाला हात लावून बसली.)

तपासणीच्या पचरिनबाई आल्या. सगळ्यांचं बीपी एकदम झकास! पण बाई भलत्याच चौकस. म्हणाल्या, "केंद्र नसतं तर काय झालं असतं, हे कसं कळणार?" मला हा प्रश्न इतका आवडला, की भात वाफवतानाही तोच डोक्यात. खरंच गं, न घडलेली गोष्ट मोजायची कशी? बाई म्हणाल्या, कालव्यापलीकडच्या गावात केंद्र नाही, ते मोजू. मीच हौसेने त्यांना स्कूटरवर बसवून नेलं. तर तिथलेही आकडे आपल्याइतकेच छान! बाईंनी वहीत लिहिलं, केंद्राचा फरक शून्य. असं कसं होईल, म्हणून मी घरोघर विचारत सुटले. शेवटी एक म्हातारी करवादली, "तुमची खमपान पंधरा दिवस रांजण उघडेना! आम्ही भाताशी काय चिखल खायचा?"

म्हणजे उपास आपण केला आणि तब्येत त्यांचीही सुधारली! रडकुंडीला येऊन मी ओराथायला सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावर खेकसली, मग पोट धरून हसली, आणि सरळ जाऊन बाईंना खरं सांगून आली.

तुझी धाकटी,
बुआलॉय

ता. क. ओराथायची बदली टळली! नुसत्या मासा सोडण्याने दोन गावांचं बीपी उतरलं म्हणून बाई इतक्या हरखल्या, की आता दोन्ही गावांनी वर्षभर पला रा सोडायचा आणि ओराथायने मोजत राहायचं. विहारात सगळ्यांकडून शपथ मीच घेतली.

पुन्हा ता. क. तर पत्र खरं यासाठी, की तिकडच्या बाजारातून पला राची एक मोठी बरणी पाठव. खोक्यावर 'साबण' लिही. नाहीतर असं कर, दोन पाठव. ओराथायलाही हवीय.