एका वाडग्यातली डाळ आणि ताक

प्रति,
मे. अंमलदारसाहेब,
सरकारी अन्नकेंद्र, निपाणी भाग.

अर्जदार: ब्राह्मी, कै. जिनाप्पा यांची विधवा, राहणार निपाणी.

विषय: मुलगी तारामती हिला डाळ व ताक निरनिराळ्या भांड्यांत मिळण्याबाबत.
संदर्भ: केंद्राच्या कारकुनांनी दिलेला तोंडी नकार.

महोदय,

अर्जदार बाईस लिहिता येत नाही. तिचे म्हणणे खाली मांडले आहे, ते कृपा करून शेवटपर्यंत वाचावे.

१. तारामतीच्या पायांवर सूज चढली आहे, केस तांबूस होऊन गळत आहेत. डॉक्टर म्हणाले, रेशनच्या नुसत्या जोंधळ्यावर पोर तगणार नाही. जोंधळा, डाळ आणि ताक यांत एकाची उणीव दुसरे भरून काढते, तिन्ही पोटात गेली पाहिजेत. अंड्याचे नाव निघताच बाईने कानांवर हात ठेवले. घरात डाळीचा दाणा नाही.

२. आपल्या केंद्रात तिन्ही मिळतात, पण एकाच आंबिलीत, वरून गार ताक ओतून. अर्जदार जैन आहे. डाळीत न तापवलेले ताक मिसळले की त्यात जीव पडतात, म्हणून ते खायचे नाही, ही त्यांची पिढीजात चाल. बाईने दोन्ही वेगळे मागितले. आचारी मारुतीराव म्हणाले, "पोटात गेल्यावर एकच व्हतंय की, आक्का! लई सोवळं करू नगासा."

मग बाईने डाळ सकाळी व ताक दिवस मावळायच्या आत मागितले. कारकून म्हणाले, दोनदा हजेरी म्हणजे दोन कार्डे, दोन कार्डे म्हणजे दोन मुली; दुसरी मुलगी हजर करा! साहेब, काय हा न्याय! बाईला एकच आहे, आणि तीही हातची चालली आहे.

३. काल बाईने हात टेकले. पाप लागायचे ते मला लागो म्हणत मिसळलेला वाडगा तिने स्वतः पोरीच्या ओठांना लावला. पोरीने दात आवळले. "आई, ह्यात डाळ हाय न्हवं?" एवढे बोलून तिने तोंड फिरवले. लिहिणाऱ्यापुढे बाई ऊर बडवून रडली, "मीच शिकवलं हो आण्णा, आता माझंबी ऐकंना!"

४. सबब विनंती की, एक डावभर डाळ आधी, ताक न घालता, वेगळी द्यावी. ताक मागाहून, तोंड धुतल्यावर. हुकूम टपालाने पाठवू नये. बाई आपल्याच पायरीवर बसली आहे, पोर मांडीवर आहे.

आपल्या दाराशी बसलेली,
ब्राह्मी (अंगठ्याची निशाणी)
लिहिणार: बसवंत
निपाणी, ता. ९ मार्च १९४५

सोबत: डॉक्टरांची चिठ्ठी. दोन रिकामे वाडगे, घासून आणलेले.